तीन वर्षांचं मूल ठेवायचं कुठे?

मे महिना सरत आला की जालना शहरात रिक्षांच्या पाठीवर आणि चौकाचौकांत ‘प्रवेश सुरू’चे फलक लागतात. प्ले ग्रुप, नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनिअर केजी. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन या तालुक्याच्या गावांतही आता असे फलक दिसतात आणि शाळेची पिवळी व्हॅन वस्तीपर्यंत पोचते. त्याच सुमारास गावातली अंगणवाडी सेविका तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलांची नावं घरोघरी लिहून घेत असते. मग घरात चर्चा सुरू होते. आजी म्हणते, एवढ्याशा लेकराला आत्तापासून कशाला धाडायचं? बाप म्हणतो, चुलत्याची पोरगी एबीसीडी म्हणती, आपलं मागं राहील. आईला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खुरपायला जायचं असतं. लेकराला कुणाजवळ ठेवू, एवढंच तिला विचारायचं असतं. आणि सेविका मनात हिशोब करत असते की या मुलाचं वजन वयाच्या मानानं किती कमी आहे.

चौघं एकाच गोष्टीवर बोलताहेत असं वरवर वाटतं. पण आजीचा प्रश्न वयाचा आहे, आईचा सांभाळण्याचा, सेविकेचा पोटाचा आणि बापाचा शाळेचा. हे चार प्रश्न चार वेगळ्या काळांत जन्मले, वेगवेगळ्या वाटांनी जालन्यापर्यंत आले आणि आज एकाच ओसरीवर एकमेकांत गुंतले आहेत. ते सुटे करायचे तर थोडं मागे जावं लागतं.

आजीचा प्रश्न

आजीच्या बोलण्यामागे मोठी परंपरा आहे. ज्या घरांत विद्या होती, त्या घरांत पाचव्या वर्षी अक्षरारंभ व्हायचा. मुलाला पाटावर बसवायचं, सरस्वतीची पूजा करायची, धूळपाटीवर बोट धरून ‘श्री’ गिरवून घ्यायचा आणि मग त्याला पंतोजींच्या हवाली करायचं. मुसलमान घरांत याच्या शेजारचा विधी म्हणजे बिस्मिल्ला: मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की त्याला पहिला धडा द्यायचा. निजामाच्या मुलखात हे दोन्ही रिवाज शेजारी शेजारी नांदले. दोन्हींत एक गोष्ट सारखी होती. त्या वयाआधी मूल घराचं. पाच वर्षं लाड आणि नंतर शिस्त, ही समजूत सुभाषितांतूनच रुजलेली.

पण हे रिवाज मूठभर घरांचे, त्यातही बहुतेक मुलग्यांचे. जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, गावोगावच्या लोकांची मराठी, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर गोरमाटी. खासगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागे. जिथे सहा वर्षांच्या मुलाला शाळा मिळण्याची मारामार, तिथे तीन वर्षांच्या मुलाच्या शाळेचा विचार कोण करणार? संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा. मुंबई इलाख्यात शिक्षणाचे जे प्रयोग स्वातंत्र्याआधी झाले, ते इथे पोचायला एक पिढी जास्त लागली ती यामुळे.

‘पाठवायचं की नाही’ हा प्रश्न आजीच्या लहानपणी नव्हताच. पाठवण्यासारखं काही असेल तरच तो पडतो.

आईचा प्रश्न

आईचा प्रश्न मात्र आजीच्या प्रश्नापेक्षाही जुना आहे, फक्त तो कुणी लिहून ठेवला नाही. रानात काम करणाऱ्या बाईचं लेकरू बांधावरच्या लिंबाला टांगलेल्या झोळीत असायचं. झोळीत मावेनासं झालं की ते मोठ्या बहिणीच्या कडेवर जायचं. ही सात-आठ वर्षांची बहीण म्हणजेच गावाची बालवाडी, आणि त्यापायी तिची स्वतःची शाळा कायमची हुकायची. कपाशीच्या वेचणीपासून बियाण्यांच्या प्लॉटवरच्या परागीकरणापर्यंत या जिल्ह्याच्या शेतीत बाईच्या हातांना पर्याय नाही. संकरित कापसाचं बीज तयार करायचं तर एकेका फुलावर हातानं काम करावं लागतं. फुलं उमलण्याची वेळ ठरलेली असते, ती बाईच्या सोयीनं बदलत नाही.

युरोपात लहान मुलांच्या शाळा निघाल्या त्याही आधी या गरजेतून. रॉबर्ट ओएननं १८१६ मध्ये स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत कामगारांच्या चिमुरड्यांसाठी शाळा काढली. फ्रेडरिक फ्रोबेलनं १८३७ मध्ये जर्मनीत काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. खेळ हेच मुलाचं काम, हा त्याचा विचार प्रशियाच्या सरकारला इतका धोकादायक वाटला की १८५१ मध्ये त्या शाळांवर बंदी आली, ती १८६० पर्यंत टिकली. डॉक्टर मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलं. त्याचं कारण तर फारच घरगुती होतं. आईबाप कामाला गेले की मागे राहिलेली मुलं चाळीच्या भिंती खराब करत. त्यांना एका खोलीत कुणीतरी सांभाळावं म्हणून घरमालक मंडळींनी मॉन्टेसरींना बोलावलं. सांभाळता सांभाळता त्यांना दिसलं की ही मुलं तासन्‌तास एकाग्र होतात, आपल्या हातांनी शिकतात.

सांभाळणं आधी आलं आणि शिकवणं त्याच्या पोटातून निघालं. पुढे आपल्याकडे हा क्रम उलटा झाला.

बोर्डीचं अंगण

मॉन्टेसरींचा विचार भारतात रुजवला तो गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, पुस्तकं लिहिली, शिक्षिका घडवल्या. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. लहान मुलाला मारू नये, त्याला खेळू द्यावं, त्याचं ऐकावं, हे सगळं मराठी मध्यमवर्ग बऱ्याच अंशी या मंडळींकडून शिकला.

पण दादरची मुलं म्हणजे महाराष्ट्र नव्हे, हे ताराबाईंना जाणवत होतं. गांधीजींच्या विचारांचा रेटाही होता. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला परवडेल असं बालशिक्षण हवं होतं. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघरमधल्या, बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. मोरगावात १९१० मध्ये जन्मलेल्या, लहानपणीच विधवा झालेल्या आणि शिक्षिका म्हणून काम करणाऱ्या अनुताई पुढे मरेपर्यंत, १९९२ पर्यंत, याच कामात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली आणि लवकरच लक्षात आलं की ज्यांच्यासाठी ती उघडली ती मुलंच येत नाहीत. दलित वस्तीतली मुलं गावातल्या बालवाडीपर्यंत पोचत नव्हती. तेव्हा या बाया साहित्याच्या पेट्या उचलून वस्तीत गेल्या. झोपड्यांपुढचं अंगण झाडलं, मुलांना आंघोळी घातल्या, नखं कापली, गाणी म्हटली, खेळ मांडले. घराच्या अंगणातच भरणारी वाडी म्हणून ती अंगणवाडी. मॉन्टेसरींची लाकडी साधनं महाग होती आणि ती परदेशी मुलाच्या जगातली होती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं, माती आली. मोजायचं तेही यांनीच, लावायचं तेही यांनीच.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. तिथे आणखी एक गोष्ट कळली. मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर भावंडं असतात, आणि मुलगे येत नाहीत कारण ते गुरांमागे असतात. मग गुरांमागे शाळा गेली. कुरणशाळा ती हीच. आणि एका छपराखाली पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तिचं नाव विकासवाडी. धाकट्याला पाळण्यात टाकायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि ताईनं शेजारच्या वर्गात पाटी घेऊन बसायचं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

या मागोव्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही विकासवाडी. शहरातल्या बालमंदिरानं मुलाच्या मनाचा विचार केला. विकासवाडीनं ते मूल ज्या कडेवर बसून येतं त्या कडेचाही विचार केला. सान लोरेन्झोत घरमालकांच्या सोयीसाठी जे झालं, ते कोसबाडला मुलींच्या हक्कासाठी झालं.

सेविकेचा वजनकाटा

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ आलं आणि महिला मंडळांच्या बालवाड्यांना अनुदान मिळू लागलं. पण या बालवाड्या विरळ होत्या. सरकारचं लक्ष तीन वर्षांच्या मुलाकडे खऱ्या अर्थानं गेलं ते त्याच्या भुकेमुळे.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या आठवणीत अजून ताजा आहे. खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामावर बाया गेल्या, त्यांच्यासोबत लेकरंही गेली आणि त्यांना सुकडी मिळाली. त्याच वर्षी दिल्लीत मीना स्वामीनाथन यांच्या अभ्यासगटानं शाळापूर्व वयातल्या मुलांबद्दलचा अहवाल दिला. पोषण, आरोग्य आणि शिक्षण एकत्र पोचवल्याशिवाय गरिबाच्या मुलाला काही उपयोग नाही, असा त्याचा रोख होता. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालक धोरण आलं आणि २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात पहिला मान मेळघाटातल्या धारणीला आणि मुंबईतल्या धारावीला मिळाला. योजनेच्या केंद्राला नाव मिळालं ते अंगणवाडी.

नाव बोर्डीचं होतं, घडण मात्र वेगळी झाली. योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि तीन ते सहा वयाच्या मुलांचं अनौपचारिक शिक्षण. सहांपैकी पाच शरीराच्या आणि एक मनाची. त्यातही आहार वाटला की नोंद होते, लस टोचली की नोंद होते. मुलाशी गप्पा मारल्या, त्याला गोष्ट सांगितली, तर ती कुठल्या रकान्यात लिहायची? जे मोजलं जातं ते टिकतं. सेविकेच्या दिवसातला मोठा भाग वजनं, रजिस्टरं, गृहभेटी, पाकिटबंद आहाराचं वाटप यांत जाऊ लागला. २०२१ पासून त्यात पोषण ट्रॅकरवर मोबाइलमधून माहिती भरण्याची भर पडली. लोकांनी अंगणवाडीला ‘खिचडीची शाळा’ म्हणायला सुरुवात केली त्याचं मूळ इथे आहे.

या टोमण्यात अन्याय आहे. कुपोषित मूल शिकू शकत नाही, हे १९७२ च्या दुष्काळानं शिकवलेलं सत्य आहे आणि वारंवार दुष्काळ पाहणाऱ्या जिल्ह्यानं ते विसरू नये. सर्वोच्च न्यायालयानं अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २००१ मध्ये प्रत्येक वस्तीला अंगणवाडी द्या असं बजावलं आणि २००६ मध्ये देशभरात किमान १४ लाख अंगणवाड्यांचं उद्दिष्ट घालून दिलं. ते याच भुकेच्या संदर्भात होतं. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. एवढी मोठी यंत्रणा उभी राहिली ती वेतनावर नव्हे, मानधनावर काम करणाऱ्या बायांच्या जोरावर. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या आणि पन्नासहून अधिक दिवस अंगणवाड्यांची कुलपं उघडली नाहीत. अंगणवाडी हा सरकारी कार्यक्रम असला तरी ती चालते एका बाईच्या कमरेवर, हे त्या दिवसांत राज्याला दिसलं.

एक गोष्ट मात्र सरकारनं बोर्डी-कोसबाडहून आणली नाही. ती म्हणजे पाळणा. अंगणवाडी सकाळच्या काही तासांपुरती उघडते. आई खुरपणीहून परत येते ती संध्याकाळी. मधल्या वेळेला लेकराला कोण बघणार, हा आईचा मूळ प्रश्न योजनेच्या बाहेरच राहिला. रोजगार हमीच्या कामावर बायांसोबत पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, असं कायदा सांगतो. किती कामांवर ती नेमलेली दिसते, हे ज्याचं त्यानं आपल्या गावात पाहावं. २०२२ पासून केंद्रानं अंगणवाडीला जोडून पाळणाघर द्यायची ‘पाळणा’ योजना आणली आहे. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण या शहराच्या व्यापारी वैभवाची. मजुरी करणाऱ्या बाईला साधा लाकडी पाळणा मिळाला तरी तिचं काम भागेल.

बापाचा प्रश्न

अंगणवाडी पोटाकडे वळली आणि पाटीची जागा रिकामी राहिली. ती बाजारानं भरली. मोठ्या शहरांत हे आधी घडलं. प्रवेशासाठी तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती आणि त्या मुलाखतींसाठी शिकवण्या इथपर्यंत मजल गेली. १९९३ मध्ये यशपाल समितीनं ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला, त्यात नर्सरीच्या प्रवेश परीक्षा बंद करा असं स्पष्ट म्हटलं. महाराष्ट्रात याच विषयावरच्या राम जोशी समितीनंतर १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक प्रवेशाच्या मुलाखतींवर बंदी घालणारा कायदा झाला. कायदा कागदावर राहिला आणि नर्सऱ्या वाढत गेल्या. पहिलीपासूनच्या शाळेला मान्यता लागे. घराच्या पुढच्या खोलीत प्ले ग्रुप काढायला मात्र वर्षानुवर्षं कुणाला काही विचारावं लागत नव्हतं.

राज्यघटनेचाही यात हात आहे. मूळच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाची दिशा होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतलं मूल मार्गदर्शक तत्त्वात ठेवलं. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सहापासून सुरू होतो. पाच वर्षांच्या मुलाच्या शाळेला जाब विचारायचा तर कुणाला, हे त्यामुळे धूसर राहिलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. ही दुरुस्ती मोठी आहे, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

जालन्यातला बाप इंग्लिशच्या मागे का लागतो याला त्याची कारणं आहेत आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. साक्षरतेत जालना राज्यात तळाच्या जिल्ह्यांपैकी होता आणि बायकांची साक्षरता साठ टक्क्यांच्या आसपास. ज्या घरात आई शाळेत गेली नाही, बाप सातवी-आठवीत सुटला, त्या घराला शाळेचा दर्जा ओळखायची खूण कोणती? गणवेश, बूट, टाय, वहीतला लाल शेरा आणि पोरानं म्हटलेली इंग्रजी कविता. या खुणा डोळ्यांना दिसतात. गोष्ट ऐकताना मुलाच्या डोक्यात काय चाललं ते दिसत नाही. फी भरली की जाब विचारता येतो, असाही विश्वास असतो. मंठा-परतूरकडच्या तांड्यावरच्या मुलाला तर अंगणवाडीतली मराठीच दुसरी भाषा असते. त्याच्या वाट्याला तिसरी भाषा घेऊन व्हॅन येते आणि ते मूल व्हॅनच्या खिडकीशी गप्प बसतं. या गप्प बसण्याला घरात ‘शिस्त लागली’ म्हणतात.

आणि एक वर्ग असा आहे की ज्याला हा प्रश्न विचारायचीही सवड नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर तालुक्यांतून ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि सोबत तीन वर्षांचं लेकरू. पुढचे पाच-सहा महिने ते कारखान्याच्या तळावरच्या कोपीत राहतं. मोठ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं आहेत, तिथे आजीच्या भरवशावर ती राहू शकतात. तीन वर्षांचं मूल आईशिवाय राहत नाही, म्हणून ते उसातच जातं. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचं नाव असतं आणि ते स्वतः दोन जिल्हे ओलांडून फडात असतं. राज्यानं स्थलांतरित मुलांचा माग ठेवण्यासाठी महा-एमटीएस नावाची प्रणाली आणली आहे. नाव एका पटावरून दुसऱ्या पटावर जाऊ शकतं, पण तळावर अंगणवाडी भरली तरच त्याला अर्थ.

मग पाठवायचं का?

वाद बाजूला ठेवून पुरावे पाहू. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९६२ मध्ये पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं, त्यांपैकी ५८ जणांना चांगली बालवाडी. पुढे चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला. बालवाडीत गेलेल्यांचं शिक्षण जास्त झालं, कमाई जास्त झाली, तुरुंगवास कमी झाला. याच एका प्रयोगाच्या जोरावर जगभर बालवाड्यांची महती गायली जाते. पण त्या बालवाडीतल्या शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईसोबत बसत, हे सांगायचं राहून जातं. त्याच अमेरिकेत टेनेसी राज्याच्या सरकारी बालवाड्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे गेलेली मुलं सहावीत पोचेपर्यंत न गेलेल्यांपेक्षा मागेच पडलेली आढळली. बालवाडी असणं पुरेसं नाही, एवढं यातून नक्की कळतं.

आपल्या देशात राजस्थान, आसाम आणि तेव्हाच्या आंध्रात सुमारे १४ हजार मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. खासगी केंद्रांत लिहिणं-घोकणं फार आणि खेळ नावाला. अंगणवाड्यांत दोन्ही थोडं. त्या वयाला साजेसं काम दोन्हीकडे क्वचितच होत होतं आणि पहिलीत येताना बहुसंख्य मुलांची तयारी कच्ची होती. दुसरीकडे तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांवर झालेल्या अभ्यासात फक्त शिकवण्यासाठी एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुपटीवर गेला, मुलांचं शिकणं वाढलं आणि कुपोषणही कमी झालं, कारण मूळच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे बघायला हात मोकळा मिळाला. पोट की पाटी असा वाद घालणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

चारही प्रश्नांना मग वेगवेगळी उत्तरं मिळतात. आजी अर्धी बरोबर आहे. तीनच्या आतल्या मुलाला शाळा नको. त्याला हवं आहे ओळखीचं माणूस, भरपूर बोलणं आणि पोटभर अन्न. राज्याचा नियमही नर्सरीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत तीन आणि पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण मागतो. मुलाची जन्मतारीख मागेपुढे करून वर्ष वाचवू नये. पण तीन ते सहा या काळात चार मुलांमध्ये खेळणं, भांडणं, वाट पाहणं, गोष्ट ऐकणं यांची जागा आता एकट्या घरात उरलेली नाही. वाड्यात पंधरा पोरं आणि ओसरीवर तीन आज्या असत तेव्हा घरच बालवाडी होती. ते घर गेलं. म्हणून तिसऱ्या वर्षानंतर मुलाला पाठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठे, याचं उत्तर फलकावर मिळत नाही. अंगणवाडी असो की केजी, तासभर आत जाऊन बसावं. मुलं बोलताहेत की बाई एकटीच बोलते? त्यांच्या हातात काही आहे का? या मातीत साहित्याला तोटा नाही. चिंचोके आहेत, सरकी आहे, पोळ्याचे बैल करायची काळी माती आहे, गाडी करायला ज्वारीची धांडं आहेत. ताराबाईंनी बोर्डीला शिंपल्यांनी जे केलं ते इथे यांनी होतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला ओळीत अक्षरं गिरवायला लावत असतील, घरी लिहायला देत असतील, तर फी कितीही असो, तिथून मूल काढावं. मुलाच्या घरची भाषा, मग ती गोरमाटी असो की उर्दू, वर्गात चालते का, हेही विचारावं. आणि गावची अंगणवाडी चांगली नसेल तर व्हॅन शोधण्याआधी ग्रामसभेत उभं राहावं, कारण व्हॅनचे पैसे नसलेल्यांची मुलंही त्याच गावची आहेत.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुटुंबानं द्यायचं नसून ग्रामपंचायतीनं, जिल्हा परिषदेनं आणि कारखान्यांनी द्यायचं आहे. अंगणवाडीला दुसरी शिकवणारी बाई, कामाच्या वेळेइतका वेळ आणि शेजारी पाळणाघर, एवढी मागणी ग्रामसभेच्या ठरावात मावते. ऊसतोडीच्या तळावर गाळप सुरू होण्याआधी अंगणवाडी सुरू झाली पाहिजे, ही अट कारखान्यांना घालता येते. विकासवाडीचा नमुना साठाहून अधिक वर्षांपूर्वी याच राज्यात उभा राहिला आहे, नव्यानं शोधायचं काही नाही. येत्या ग्रामसभेला हा विषय पत्रिकेवर घ्यायला सांगा आणि त्या दिवशी आयांना मजुरी बुडणार नाही अशी वेळ ठेवा.